पद्मिनीच्या मागच्या सीटवर

सकाळी सहा

मे महिन्यात यवतमाळात गॅरेजचं काम दोन पाळ्यांत चालतं. सकाळी सहा ते अकरा, आणि मग चारनंतर रात्र होईपर्यंत. मधल्या वेळात शेडखालचा पाना हातात धरवत नाही. म्हणून सरांना मी गाडी आदल्या रात्रीच आणून लावायला सांगितली होती. 1984ची प्रीमियर पद्मिनी. गिअर स्टेअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी एकसंध, मागे पट्ट्याचं नाव नाही. आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टे कारखान्यातूनच बसून यायला लागले ते 1994पासून, मागचे त्यानंतर काही वर्षांनी.

सरांनी मला आठवीत गणित शिकवलं. त्यांची लेक काल पुण्याहून ट्रॅव्हल्सने आली, सोबत वीस महिन्यांची मुलगी. नातीला आपल्या गाडीतून कळंबच्या चिंतामणीला न्यायचं, हे सरांनी ती जन्मली तेव्हापासून मनात धरलंय. लेकीने मला फोनवर एवढंच सांगितलं, ‘‘दादा, तिची सीट मी सोबत आणली आहे. सीट पक्की बसली तर मुलगी या गाडीतून येईल. नाहीतर आम्ही एसटीने जाऊ.’’ असं स्पष्ट सांगणारी आई आली की मला कामाला हुरूप येतो.

चहा येईपर्यंत सीटवरचं लेबल वाचून काढलं. नारिंगी कागद, त्यावर ईसीई आर 44/04 हा युरोपीय मानकाचा क्रमांक, खाली ‘युनिव्हर्सल’ आणि 0 ते 18 किलो. भारतात याच कामाचं मानक एआयएस 072 आहे. दोन्हींपैकी एकही छाप नसलेल्या सीटही विकल्या जातात, दिसायला गुबगुबीत. तसली सीट आली तर मी ती बसवून देत नाही. हल्लीच्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे असतात, मुलांची सीट त्यात खटकन अडकते. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात आली 1999 साली, आणि त्याच सुमारास इकडे पद्मिनीचं उत्पादन बंद पडलं. म्हणजे या गाडीशी त्या आकड्यांची भेट कधी झालीच नाही. ‘युनिव्हर्सल’ सीट मात्र गाडीच्या थ्री-पॉइंट पट्ट्याने बांधता येते. पट्टा नसेल तर आधी पट्टा बसवायचा. पट्टा बसवायचा तर तीन ठिकाणी भोकं पाडायची. आणि भोकं पाडायची तर आधी पत्रा बघायचा. लोक म्हणतात, मुलाची सीट बसवून द्या, दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या गाडीत त्यातली साडेनऊ मिनिटं नसतातच, त्यांच्या जागी अख्खा दिवस असतो.

साडेसहा

मागची सीट उचलून बाहेर काढली. खाली धूळ, सरकी, उंदरांनी कुरतडलेला काथ्या. रबरी मॅट सोलून काढली आणि हातात जुना पेचकस घेऊन बसलो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळं बळ बॉडीच्या पत्र्यातच आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेतली पद्मिनी आतून चाळणी झालेली असते, आपल्याकडची कोरड्या हवेमुळे बरी निघते. पण पावसाळ्यात दाराच्या रबरातून गळलेलं पाणी मॅटखाली साचतं आणि वरून कुणाला कळत नाही. चाकाच्या कमानीपासून सुरुवात करून बोटभर अंतरावर पेचकस टोचत गेलो. जिथे टणक आवाज येतो तिथे पुढे सरकायचं, जिथे टोक दबतं तिथे खडूने गोल काढायचा.

‘‘भाऊ, इथं तं पापडी झाली,’’ हाताखालचा पोऱ्या म्हणाला. डाव्या कमानीच्या पायथ्याशी तळहाताएवढी जागा तांबडी होऊन पदर सुटले होते. नेमकी तिथेच पट्ट्याची बाहेरची खालची पकड येणार होती. गंज दाराखालच्या पेटीपर्यंत गेला असता तर मी सरांना तेव्हाच नाही म्हटलं असतं, कारण ती पेटी गाडीचा कणा आहे. पेटी शाबूत होती. डेन्टरला फोन केला. तो आठला आला, खराब पत्रा निरोगी पत्र्यापर्यंत कापला, नवा तुकडा घालून वेल्डिंग केलं. त्याआधी मी पेट्रोलची टाकी कुठे आहे, पाइप कुठून जातो ते खाली आडवं होऊन पाहिलं, बॅटरीची तार सोडली आणि पाण्याची बादली व ओलं पोतं शेजारी ठेवलं. वेल्डिंगच्या कामात ही तयारी कुणी फालतू समजू नये.

नऊ

सर आले ते हातात पिशवी घेऊन. आत भंगारातून सोडवून आणलेले सीटचे पट्टे होते, बकल चकचकीत. ‘‘नवे कशाला घेतोस? हे छान आहेत.’’

मी पट्टा उन्हात धरला. एका जागी विणीत लाट आली होती, धागे किंचित तुटून केसाळ झाले होते. हा पट्टा एकदा अपघातात ताणला गेलाय. पट्ट्याचं कापड जोर खाऊन थोडं लांबतं, तेच त्याचं काम, आणि एकदा लांबलं की त्याचं काम संपलं. शिवाय उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या कापडाचं बळ डोळ्यांना दिसत नाही. मी ते पट्टे सरांसमोर कात्रीने कापले, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाहीत. सरांना जरा लागलं असेल, पण ते काही बोलले नाहीत.

नवा पट्टा नागपूरहून मागवून ठेवला होता. आपोआप गुंडाळणारा नाही, साधा, हाताने लांब-आखूड करायचा. गुंडाळणाऱ्या पट्ट्याच्या डबीत एक छोटा गोळा किंवा लोलक असतो, गाडी कलली किंवा गचकन थांबली की तो डबी अडकवतो. ती डबी जशी बसवायला बनवली तशीच बसावी लागते. तिरकी बसली तर पट्टा सारखा अडकून बसतो. पद्मिनीच्या मागच्या खांबात तिला सरळ जागा मिळणं कठीण. आणि लहान मुलाची सीट कायम बांधून ठेवायची तर साधा घट्ट पट्टा उलट सोयीचा.

‘‘आणि बाई कुठे बसणार?’’ मी सरांच्या पत्नीबद्दल विचारलं.

‘‘मागेच, नातीजवळ. पण तिला कशाला पट्टा? मागे तर बसते.’’

उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाताची मी सरांना आठवण करून दिली. सप्टेंबर 2022, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, आधुनिक महागडी गाडी, आणि ते मागच्या सीटवर पट्ट्याविना. सर म्हणाले, तो महामार्ग, तो वेग, आपण कळंबला चाललोय. मी वाद वाढवला नाही. भोकं पाडायची वेळ झाली होती आणि ऊन चढत होतं.

साडेनऊ ते अकरा

सगळ्या दिवसातलं खरं काम या दीड तासात असतं, आणि गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही, कारण शेवटी त्यावर सीट येऊन बसते.

पद्मिनीच्या तळाचा पत्रा एकेरी आहे. त्यात भोक पाडून नट-बोल्ट आवळला तर तो हाताला पक्का लागतो, पण धक्क्याच्या वेळी बोल्ट वॉशरसकट पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून खालून लोखंडी पट्टी द्यायची. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा पट्टीचं माप दिलेलं आहे, किमान 3 मिलिमीटर जाड आणि किमान 40 चौरस सेंटीमीटर. शर्यतीच्या गाडीला जे लागतं ते लेकराला कमी का द्यावं? मी 65 मिलिमीटरचे चौकोन कापतो, म्हणजे क्षेत्रफळ 42 चौरस सेंटीमीटर होतं. चारही कोपरे कानशीने गोल करतो, कारण टोकदार कोपरा दाब आला की पत्र्यातच घुसतो. बोल्ट सीटबेल्टचाच हवा, सात-सोळांशी इंचाचा, बारीक आट्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातला गेटचा बोल्ट जाडीला तेवढाच दिसतो, पण त्याचं पोलाद वेगळं.

मग जागा. कमरेवरून येणारा पट्टा सीटच्या फटीतून वर येताना साधारण 45 अंशांत यायला हवा. पकड फार पुढे घेतली तर मुलाची सीट मागे न ओढली जाता नुसती खाली दाबली जाते आणि पुढे डुलत राहते. फार मागे घेतली तर पट्टा वर सरकतो. पोऱ्याला सीटच्या जागी बसवलं, सुतळी लावून कोन पाहिला, खडूने खूण केली, पुन्हा सुतळी लावली. खालच्या दोन जागा झाल्या. वरची तिसरी जागा मागच्या काचेखालच्या फळीच्या कोपऱ्यात, जिथे फळीचा पत्रा खांबाला मिळतो. फळीचा नुसता पत्रा भरवशाचा नाही, म्हणून तिथे खालच्या पट्टीला खांबापर्यंत जाणारा एक हात जोडून डेन्टरकडून वेल्ड करून घेतला.

भोकं आधी बारीक पाडली, मग मोठी केली. कडांना रेड ऑक्साइड, त्यावर सीलंट, मग पट्टी, वॉशर, बोल्ट. खालून अंडरकोटिंग. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळले, पट्ट्यासोबत आलेल्या कागदावर लिहिल्याइतके. ‘‘लय टाइट करून टाकू का भाऊ?’’ पोऱ्याने विचारलं. नाही. जास्त आवळला की आटे ताणले जातात आणि बोल्ट आतून थकतो.

सर खुर्ची टाकून सगळं पाहत होते. ‘‘एवढं कशाला, हा जुन्या काळचा जाड पत्रा आहे. आताच्या गाड्या म्हणजे डबे.’’ हे वाक्य मी जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकतो. माझाही जीव आहे. म्हणूनच मी त्यांना 2009 साली अमेरिकेत झालेल्या चाचणीबद्दल सांगितलं. तिथल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने पन्नासाव्या वर्धापनाला 1959ची शेव्हरले बेल एअर आणि 2009ची शेव्हरले मालिबू समोरासमोर ठोकली, दोन्ही ताशी 64 किलोमीटरने. मालिबूचं नाक चुरडलं आणि चालकाची बसायची जागा शाबूत राहिली. बेल एअरची बसायची जागाच आत आली, आतला पुतळा खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचं नाक धक्का खाण्यासाठीच चुरडतं. पद्मिनीच्या नाकाला ते कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे पट्टा आणि सीट कितीही पक्की झाली तरी ही 1984ची गाडी आहे, हे मनात ठेवूनच ती चालवायची.

दुपारी

शटर अर्धं खाली. सर घरी गेले नाहीत, डबा मागवून माझ्यासोबतच जेवले. जेवणानंतर खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनीच गणित मांडलं. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. धडकेत गाडी थांबायला सेकंदाचा दहावा भाग लागला असं धरू. म्हणजे गुरुत्वाच्या चौदापट. नात 12 किलोची. बारा गुणिले चौदा, 168. वरचे अपूर्णांक धरले तर 170. सरांनी खडू खाली ठेवला. रुईची गाठ 170 किलोची असते, हे यवतमाळात कुणाला सांगावं लागत नाही. आजीच्या मांडीवरची नात त्या क्षणी तेवढी जड होते, आणि जिनिंगमधले दोन तगडे हमालही गाठ ओढताना आकडे वापरतात. सीटचं वजन 8 किलो धरलं, आणि सीटच्या चाचण्यांत धक्का गुरुत्वाच्या 28 पटींपर्यंत नेतात हेही धरलं, तर पट्ट्यावर साडेपाचशे किलोच्या वर ओढ येते. तिन्ही बोल्टांनी ती वाटून घ्यायची.

कायद्याचंही बोलणं निघालं. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने कलम 194ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेलं नसेल तर चालकाला 1000 रुपये दंड. मोठ्या माणसांच्या पट्ट्याचा नियम ज्या गाड्यांत पट्टे दिलेले आहेत त्यांच्याविषयी आहे, मुलांबाबत कलमाने अशी सूट ठेवलेली नाही. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी 2021 साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, पण पद्मिनीला पन्नास व्हायला 2034 उजाडेल, आणि तशा नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालतही नाही.

शटरखालून रस्ता दिसत होता. एक जोडपं मोटरसायकलवरून गेलं, पुढे टाकीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा, डोक्याला ओला रुमाल. जिल्ह्यातली बहुतेक लेकरं अशीच प्रवास करतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी दुचाकीवरही हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी 40ची मर्यादा असा केंद्राचा नियम 2022 साली निघाला आहे. तो पट्टा वापरताना मी या रस्त्यावर अजून कुणाला पाहिलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्या बापाचं पोरावर प्रेम सरांपेक्षा तसूभरही कमी नसणार, पण ही वस्तू असते हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

साडेचार

कुशनवाले आले. जुन्या स्प्रिंगा आणि दबलेला काथ्या यावर मुलाची सीट बांधली तर आज घट्ट, आठ दिवसांत सैल, कारण खालचं कुशन बसत जातं आणि पट्टा ढिला पडतो. त्यांनी डाव्या बाजूच्या दोन मेलेल्या स्प्रिंगा बदलल्या, वर कठीण फोम घातला, तेच जुनं रेक्झिन पुन्हा शिवून चढवलं. सरांना रंग बदलायचा नव्हता.

साडेपाच

लेक मुलीला कडेवर घेऊन आली. मधली जागा धक्क्यापासून सगळ्यात लांब असते, पण इथे मध्ये बोगद्याचा उंचवटा आहे. म्हणून डावी बाजू. आपल्याकडे उतरायचंही त्याच बाजूने, रहदारीपासून लांब.

तोंड कुठे, यावर बोलणं झालं. पुण्याच्या गाडीत तिने वाढदिवसानंतर मुलीची सीट पुढे वळवली होती. याच सीटच्या पुस्तकात 13 किलोपर्यंत मागे तोंड करून बसवता येते असं आहे, नात 12ची. मी मागे तोंड करायला सांगितलं. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात. पुढे तोंड असलं तर धडकेत धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं एकटं पुढे जातं. मागे तोंड असलं तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत रुततं. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना 1964च्या सुमारास सुचली ती जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात ते पाहून. लेकीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मग घरी गेल्यावर तिथेही अशीच लावते.’’

मागे तोंड केलेल्या सीटला पट्टा जास्त लागतो, वळसा मोठा असतो. मागवतानाच लांब मागवला होता, तरी शेवटी चार बोटंच उरला. पुढची सीट एकसंध असल्यामुळे मुलीसाठी ती पुढे सरकवली की चालकही पुढे सरकतो. सरांचे गुडघे स्टेअरिंगला लागले. लेक बुटकी, तिला जमलं. गाडी तीच चालवेल असं ठरलं. सरांनी ते इतक्या सहज मान्य केलं की मला बरं वाटलं.

मी गुडघा सीटमध्ये रोवून पूर्ण भार दिला आणि पोऱ्याने पट्टा ओढला. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, ही बोटभरही हलली नाही. मग लेकीकडून तीनदा सोडवून बांधून घेतली, कारण उद्या मी सोबत नसणार. मुलीला बसवलं. खांद्यावरचे पट्टे चिमटीत धरता येऊ नयेत एवढे घट्ट. ती रडली, मग मागच्या काचेतून पोऱ्याकडे पाहून हसायला लागली. बकलवर मी पांढरं ओलं फडकं ठेवायला सांगितलं. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी उन्हातल्या गाडीतलं लोखंडी बकल लेकराच्या मांडीला चटका देतं.

सात

मुलीला उतरवलं. तिच्या जागी 12 किलो तांदळाचं पोतं सीटमध्ये बांधलं, आणि उजव्या बाजूला, जिथे बाई बसणार, तिथे गव्हाचं पोतं नुसतं ठेवलं. दारव्हा रोडने लोहाऱ्याच्या बाजूला निघालो, शेजारी सर. मोकळा रस्ता पाहून ताशी 40ला ब्रेक दाबला. चारही चाकांना ड्रम, गाडी थोडी डावीकडे ओढली, ते उद्या पाहायचं. तांदूळ जागच्या जागी. गव्हाचं पोतं सीटवरून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं आणि खाली पडलं. आम्हा दोघांना तो धक्का पाठीत बसला. नुसता ब्रेक होता.

सर मागे वळून पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे पोतं डावीकडे पडलं असतं तर?’’

‘‘पोरीवर.’’

साडेसात

गॅरेजला आल्यावर बिलाच्या मागे लिहून दिलं. वेग 50च्या आत. अंधारात नाही. आठ दिवसांनी बोल्ट तपासायला गाडी आणायची. कळंब चालेल, वीस-बावीस किलोमीटर आहे. सरांचा पुढचा बेत पांढरकवड्यावरून आदिलाबादचा होता, तो मी खोडला. चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर ट्रकांच्या मधोमध ही गाडी लेकराला घेऊन नेऊ नका, त्या प्रवासाला लेकीची नवी गाडी घ्या किंवा एसटीने जा. सरांनी कागद वाचला आणि खिशात घातला.

‘‘उजव्या बाजूचं कधी करतोस?’’

‘‘नागपूरला आत्ता फोन केला तर पट्टा सकाळच्या गाडीने येईल. पत्रा तिकडचा चांगला आहे.’’

‘‘मग कर. कळंब परवा.’’

पोऱ्या मागची सीट पुन्हा उचलायला लागला होता. मी किल्ली खिळ्याला अडकवली आणि नागपूरचा नंबर लावला.